नवा एव्ही रिसीव्हर निवडताना: आधी टेप, मग टीव्ही, वॅट शेवटी

दुकानात एव्ही रिसीव्हर (टीव्ही, प्लेअर यांचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारं यंत्र) बघायला गेलं की पहिला प्रश्न येतो, 'किती वॅटचा हवाय?' खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. वॅट कमी पडले म्हणून पस्तावणारे थोडे. लोक अडकतात ते भलत्याच गोष्टींवर: रिसीव्हर टीव्ही युनिटमध्ये मावत नाही, जुना वूफर त्याला जोडता येत नाही, टीव्हीवरून डॉल्बी ॲटमॉस (डोक्यावरूनही येणारा आवाज) येतच नाही, किंवा सात चॅनेलचे (सात स्पीकर चालवण्याचे) पैसे मोजल्यावर कळतं की सोफ्यामागे स्पीकर लावायला वीतभरही जागा नाही. यातलं सगळं घरबसल्या, एक मोजायची टेप आणि एक टॉर्च घेऊन तपासता येतं.

पुढचा हिशेब एका नेहमीच्या फ्लॅटच्या हॉलवर केला आहे: १० बाय १४ फूट, ५५ इंची टीव्ही, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, मधोमध पंखा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगायला हवी. सोफ्याच्या दोन्ही बाजूंपर्यंत वायर नेणं शक्यच नसेल (भाड्याचं घर, किंवा घरच्यांचा ठाम नकार), तर रिसीव्हर घेऊ नका. त्या पैशात चांगला साउंडबार येतो आणि तो जास्त समाधान देतो.

पायरी १: खोली मोजा, चॅनेल ठरवा

५.१ म्हणजे समोर तीन स्पीकर, बाजूला दोन आणि एक सबवूफर. ७.१ मध्ये पाठीमागे आणखी दोन वाढतात. ५.१.२ मधला शेवटचा आकडा छताच्या स्पीकरचा. सात चॅनेलचा रिसीव्हर यापैकी ७.१ किंवा ५.१.२ चालवतो, दोन्ही एकदम नाही. दोन्ही हवं असेल तर नऊ चॅनेल लागतात.

मागच्या स्पीकरना डोक्यापासून किमान तीन-चार फूट मोकळी जागा हवी. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर ७.१ चा विचार सोडा. कानाच्या मागे फूटभरावर लटकलेला स्पीकर सिनेमाभर स्वतःकडेच लक्ष वेधतो. अशा हॉलला ५.१ उत्तम, आणि पुढे छताचे दोन वाढवून ५.१.२. म्हणजे सात चॅनेल पुरे. नऊ किंवा अकरा चॅनेलचे जादा पैसे स्पीकरमध्ये घाला.

छताचे स्पीकर पीओपीमध्ये बसवता येत असतील तर उत्तम. नाहीतर वरच्या दिशेने आवाज फेकून छतावरून परतवणारे स्पीकर मिळतात. त्यांना सपाट आणि कठीण छत लागतं, साधारण साडेसात ते बारा फुटांवर. आपल्याकडे आणखी एक अडचण येते: मधला पंखा. आवाजाची वाट नेमकी पात्यांतून जात असेल तर परिणाम विस्कटतो. शिवाय उतरत्या कौलारू छताखाली हे स्पीकर निरुपयोगी. घराच्या नूतनीकरणाचं काम निघालंच असेल तर भिंती बंद होण्याआधी छतापर्यंत दोन वायर टाकून ठेवा, स्पीकर नंतर येऊ देत.

पायरी २: घरात आधीच काय आहे ते उलटं करून बघा

जुने स्पीकर वापरायचे असतील तर त्यांच्या पाठीवरची पट्टी वाचा. दोन गोष्टी हव्यात: ओहम (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) आणि सेन्सिटिव्हिटी (एका वॅटवर तो किती मोठ्याने वाजतो). बहुतेक रिसीव्हर ६ ते ८ ओहमच्या स्पीकरवर निवांत चालतात. डीव्हीडीच्या काळातल्या एकत्र विकल्या जाणाऱ्या होम थिएटर सेटचे स्पीकर पुष्कळदा ३ किंवा ४ ओहमचे असतात. ते नव्या रिसीव्हरला लावले तर आवाज वाढवताच यंत्र तापतं आणि स्वतःला बंद करून घेतं.

त्याच सेटचा वूफर ही तर हमखास फसवणारी जागा. त्याला बहुधा भिंतीत लावायची पॉवर कॉर्ड नसते, फक्त स्पीकरची वायर असते. म्हणजे त्यात स्वतःचा ॲम्प्लिफायर नाही. रिसीव्हरच्या मागे 'सबवूफर आउट' असं जे भोक असतं, त्यातून फक्त सिग्नल येतो, ताकद येत नाही. असा वूफर तिथे जोडला तर काहीच वाजणार नाही, आणि दोष रिसीव्हरचा नसेल. पॉवर कॉर्ड असलेलाच सबवूफर घ्यावा लागेल. बजेट मांडतानाच तो धरा.

पायरी ३: टीव्हीच्या पाठीमागे टॉर्च मारा

टीव्हीच्या एचडीएमआय भोकांपैकी एकावर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' छापलेलं असतं. यावर निवडीचा निम्मा निर्णय होतो.

एआरसी म्हणजे टीव्हीतला आवाज त्याच केबलने उलटा रिसीव्हरकडे येणं; ईएआरसी ही त्याचीच जास्त क्षमतेची आवृत्ती. टीव्हीतल्या ओटीटी ॲपमधला ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लस या दाबून लहान केलेल्या आवाजाच्या प्रकारात बांधलेला असतो, त्यामुळे बऱ्याच टीव्हींवर तो साध्या एआरसीवरूनही जातो. ब्लू-रे डिस्कचा डॉल्बी ट्रूएचडी (जास्त तपशिलाचा आवाज) मात्र साध्या एआरसीत मावत नाही, त्याला ईएआरसी लागतं. टीव्हीला फक्त ऑप्टिकल भोक असेल तर साधा ५.१ आवाज मिळेल, ॲटमॉस नाही. अशा वेळी ओटीटीची स्टिक टीव्हीऐवजी थेट रिसीव्हरला लावा. अजून एक: बरेच टीव्ही डीटीएसचा (डॉल्बीसारखाच आवाजाचा दुसरा प्रकार) आवाज पुढे पाठवतच नाहीत. डीटीएस ट्रॅक असलेल्या डिस्क किंवा फायली बघत असाल तर तो प्लेअरही थेट रिसीव्हरलाच जोडायला हवा.

आता रिसीव्हरची एचडीएमआय भोकं मोजा. सेट-टॉप बॉक्स, स्टिक, गेम कन्सोल, ब्लू-रे ही झाली चार, वर एक शिल्लक ठेवा. गेम खेळत नसाल तर एचडीएमआय २.० पुरतं, त्यातून ४के चित्र सेकंदाला ६० फ्रेमने आरामात जातं. कन्सोलवर १२० फ्रेम हव्या असतील तर २.१ लागतं, आणि इथे बारीक अक्षरं वाचा: सहा भोकांपैकी कधी कधी तीनच २.१ ची असतात. २०२० मध्ये बाजारात आलेल्या २.१ च्या पहिल्या फळीतल्या काही रिसीव्हरच्या चिपमध्ये दोष होता, काही उपकरणांच्या १२० फ्रेमच्या ४के सिग्नलवर चित्रच जात असे. जुना स्टॉक किंवा सेकंडहँड घेताना हे वर्ष लक्षात ठेवा.

पण कन्सोलसाठी महाग रिसीव्हर घ्यायलाच हवा असं नाही. टीव्ही ईएआरसीचा असेल तर कन्सोल सरळ टीव्हीला लावा आणि आवाज ईएआरसीने परत आणा. चित्र रिसीव्हरमधून जातच नाही, म्हणून त्याचं २.० असणं आड येत नाही.

टीव्ही किंवा प्रोजेक्टर डॉल्बी व्हिजन अथवा एचडीआर१०+ (जास्त उजेड-रंगाच्या चित्राचे प्रकार) दाखवत असेल तर तेच नाव रिसीव्हरच्या यादीत आहे का, तेही बघून घ्या.

पायरी ४: आता वॅट

टेपरेकॉर्डरच्या जमान्यात खोक्यावर पीएमपीओचे (क्षणभराच्या कमाल ताकदीचे) हजारोंचे आकडे असत. आजचे आकडे तितके अचाट नाहीत, पण खेळ तोच आहे. एकच रिसीव्हर एका ओळीत ८० वॅटचा असतो आणि दुसऱ्या ओळीत दीडशेच्या पुढचा. मोठा आकडा ६ ओहम, एकच सूर (१ किलोहर्ट्‌झ), १०% विकृती (आवाज फाटणं) आणि एकच चॅनेल चालू, अशा सोयीच्या अटींवर काढलेला असतो. तुलना करायची ती या ओळीची: ८ ओहम, २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ, ०.१ टक्क्याच्या आतली विकृती, दोन चॅनेल चालू. ही ओळ कुठेच छापलेली नसेल तर ते मॉडेल यादीतून काढा.

आणि तुम्हाला लागतात किती? ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर एका वॅटवर एक मीटरवर ८८ डेसिबल देतो. १० फुटांवरच्या सोफ्यापर्यंत त्यातले साधारण ८ गळतात, उरतात ८०. दर १० डेसिबलला दहापट वॅट लागतात. म्हणजे ९० डेसिबलला १० वॅट, १०० ला १०० वॅट. घरात सिनेमा बघताना स्फोटाच्या क्षणी ९५ पर्यंत गेलं तरी शेजारी बेल वाजवतात, आणि त्याला साधारण ३२ वॅट पुरतात. ८० आणि १०० वॅटच्या रिसीव्हरमधला फरक एक डेसिबलही नाही; तो कानाला कळणार नाही. त्याउलट ९१ डेसिबलचा स्पीकर निवडला तर वॅट दुप्पट केल्याइतका फायदा आपोआप होतो. याच कारणासाठी रिसीव्हरवर एकूण बजेटच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हॉल २० फुटांचा असेल किंवा स्पीकर ४ ओहमचे असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा निदान समोरच्या स्पीकरसाठी 'प्री-आउट' असलेलं मॉडेल घ्या, म्हणजे पुढे वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर जोडता येतो.

पायरी ५: खोली सुधारणारं सॉफ्टवेअर

वॅटवर वाचवलेले पैसे इथे लावा. रिसीव्हरसोबत एक छोटा माइक येतो. तो स्पीकरचं अंतर, पातळी आणि खोलीचा परिणाम मोजून दुरुस्ती करतो. ऑडिसी, डिराक, यामाहाचं वायपीएओ ही त्यातली नावं. ऑडिसीतच साधं मल्टीईक्यू, मग एक्सटी, मग एक्सटी३२ अशा पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर खर्जाची दुरुस्ती जास्त बारकाईने होते. डिराक काही मॉडेलांवर वेगळे पैसे भरून चालू करावं लागतं, ते आधी विचारा.

खर्जावर एवढा भर का? १४ फुटी लांबीत साधारण ४० हर्ट्‌झला आणि १० फुटी रुंदीत ५७ हर्ट्‌झच्या आसपास आवाज भिंतींमध्ये अडकून फुगतो. सोफा मागच्या भिंतीला असेल तर तो घुमारा नेमका तिथेच सर्वांत जास्त. चांगलं सॉफ्टवेअर हा फुगवटा दाबू शकतं. मात्र गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंतींमुळे संवाद घुमतात, ते कुठलंही सॉफ्टवेअर दुरुस्त करत नाही. त्याला सतरंजी किंवा गालिचा, आणि जाड पडदे.

पायरी ६: जागा, ताप आणि वीज

बहुतेक रिसीव्हर रुंदीला साडेसतरा इंच असतात, खोली १३ ते १५ इंच. मागे केबलींसाठी आणखी ३ इंच धरा. १४ इंच खोलीच्या तयार टीव्ही युनिटमध्ये तो बसत नाही, हे सुताराला आधी सांगितलेलं बरं. वर किमान ४ इंच मोकळे, समोर काचेचं दार नको, आणि वर सेट-टॉप बॉक्स तर अजिबात ठेवू नका.

वळवाच्या पावसात वीज कडाडली की रिसीव्हरचा एचडीएमआय बोर्ड जाण्याची भीती असते, आणि झटका पुष्कळदा प्लगमधून नाही तर डिशच्या केबलमधून सेट-टॉप बॉक्समार्गे येतो. प्लग काढताना डिशची केबलही काढा.

अमेरिकेतून नातेवाइकांकरवी स्वस्तात आणायचा मोह होतो. तिथलं मॉडेल १२० व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टवर लावलं की पहिल्याच क्षणी जळतं. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतं, पण इथली वॉरंटी बहुधा मिळत नाही.

पायरी ७: आणल्यावर, परत करायची मुदत असेतोवर

मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट (किंवा २२० ते २४०) छापलंय ना बघा. स्पीकरला १०-१५ मीटरपर्यंत १.५ स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची वायर पुरते, त्यापुढे २.५. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त असते. टोक चाकूने खरवडलं की आतून चांदीसारखी चमकते, ती घेऊ नका.

जोडताना प्लग काढलेला असू द्या. अर्धा इंच वायर सोला, तारा बोटांत घट्ट पिळा, टर्मिनलमध्ये घाला, आवळा आणि टॉर्च मारून बघा. केसाएवढी एक तार बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी रिसीव्हर सुरू होताच 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडतो. बनाना प्लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची पिन) लावले तर ही कटकटच नाही, आणि मुंबई-कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत उघडं तांबं काळं पडण्याचीही नाही.

मग माइक. तो सोफ्याच्या गादीवर ठेवू नका, ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला हवा. पंखा, एसी बंद. सबवूफरचा फ्रीक्वेन्सीचा खटका 'एलएफई'वर किंवा कमालवर, आवाज निम्म्यावर. मापं झाल्यावर स्पीकर 'स्मॉल' (खर्ज सबवूफरकडे सोडणारे) आणि क्रॉसओव्हर (ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती हद्द) ८० हर्ट्‌झ करा. सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा तीन-चार फूट जास्त दिसेल. ती चूक नाही, सबवूफरच्या सर्किटमध्ये लागणारा वेळ त्यात धरलेला आहे. ते बदलू नका.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम'वरून 'पास-थ्रू' किंवा 'ऑटो'वर आणा. हे राहून गेलं की ॲटमॉस लावूनही रिसीव्हरच्या पाटीवर 'स्टीरिओ'च दिसतं, आणि लोक दुकानदाराशी भांडतात. त्यानंतर प्रत्येक एचडीएमआय भोकात एकेक करून स्टिक लावून चित्र बघा, प्रत्येक स्पीकरचा टेस्ट टोन ऐका, आणि एक अख्खा सिनेमा ईएआरसीवरून चालवा. आवाज मध्येच तुटत असेल तर आधी केबल बदलून बघा. पाच मीटरपेक्षा लांब साधी केबल ४के ला दगा देते. फायबरची घेतलीत तर तिच्या एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. उलटी लावली तर पडदा काळा. शिवाय आवाज परत यायला हवा असेल तर त्या केबलवर ईएआरसी लिहिलेलं असायला हवं.

खोकं आणि आतलं थर्माकोल माळ्यावर ठेवून द्या. गावात सर्व्हिस सेंटर नसेल तर दहा किलोचं हे यंत्र कुरिअरने पाठवावं लागतं, आणि वॉरंटीचं कार्ड ठेवायला त्या खोक्यासारखी दुसरी जागा नाही.