प्रत्यारोपित रक्तवाहिनी-पेशींचा मागोवा काजव्याच्या प्रकाशाने कसा घ्यावा

मूलपेशींपासून तयार केलेल्या एंडोथेलियल पेशी, म्हणजे रक्तवाहिनीचे आतले अस्तर बनवणाऱ्या पेशी, उंदराच्या रक्तपुरवठा तोडलेल्या पायात टोचल्या आणि पुढे त्या पायाचा रक्तप्रवाह सुधारला, एवढ्यावरून नव्या रक्तवाहिन्या त्याच पेशींनी उभारल्या असे म्हणता येत नाही. टोचलेल्या पेशींपैकी बऱ्याच सुरुवातीच्या दिवसांतच मरतात, आणि त्यांनी स्रवलेल्या घटकांमुळे उंदराच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या वाढलेल्या असू शकतात. म्हणून मागोव्याची आखणी प्रयोगाआधीच झाली पाहिजे. भारतात त्यासोबत प्राणी-नीतिमत्ता समिती आणि मूलपेशी संशोधन समिती या दोघींची परवानगीही आधी घ्यावी लागते.

मानवी मूलपेशींमध्ये काजव्याचे ल्युसिफरेज जनुक त्या मूलपेशी असतानाच घालावे; या जनुकापासून बनणारे विकर ल्युसिफेरिन या रसायनावर क्रिया करून प्रकाश निर्माण करते, म्हणून जिवंत पेशी कॅमेऱ्याला चमकताना दिसतात. जनुक वाहून नेणाऱ्या लेंटिव्हायरस या विषाणूने ते जीनोममध्ये, म्हणजे पेशीच्या एकूण डीएनएमध्ये, कोठेही बसते आणि मूलपेशींचे एंडोथेलियल पेशींत रूपांतर होताना बंद पडू शकते; १९व्या गुणसूत्रावरील एएव्हीएस-१ या जागी नेमके बसवलेले जनुक सहसा अधिक टिकून राहते. रूपांतरानंतर सीडी-३१ आणि व्हीई-कॅडहेरिन ही एंडोथेलियल पेशींची ओळख असलेली प्रथिने बाळगणाऱ्या पेशी वेगळ्या काढाव्यात, आणि पेशींची संख्या वाढेल तसा प्रकाश त्याच प्रमाणात वाढतो का, हे तबकडीतच तपासावे.

मानवी पेशी नाकारल्या जाऊ नयेत म्हणून प्रतिकारशक्ती नसलेले उंदीर वापरून, मांडीची धमनी बांधल्यानंतर पेशी स्नायूत टोचाव्यात आणि त्याच दिवशी पहिली प्रतिमा घ्यावी, कारण पुढची सारी मोजमापे तिच्याशीच ताडायची असतात. काळे केस प्रकाश शोषतात, तेव्हा पाय आधी भादरून घ्यावा. आयसोफ्लुरेनची भूल देऊन, दर किलो वजनामागे १५० मिलिग्रॅम ल्युसिफेरिन पोटाच्या पोकळीत टोचले की साधारण १० ते २० मिनिटांत प्रकाश शिखराला पोहोचतो.

येथे फार जपून चालावे लागते, आणि माझ्या मते हाच या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ल्युसिफेरिन पेशींपर्यंत रक्तातूनच पोहोचते, आणि प्रकाश निर्माण व्हायला ऑक्सिजन व एटीपी हा पेशीतला ऊर्जावाहक रेणू लागतात. ज्या पायात रक्तच तोडले आहे तेथे जिवंत पेशीही मंद दिसू शकतात, आणि पुढे रक्तप्रवाह सुधारल्यावर पेशी न वाढताही प्रकाश वाढू शकतो. म्हणून ठरावीक मिनिटाला एकच प्रतिमा घेण्याऐवजी शिखर उलटून जाईपर्यंत दर दोन-तीन मिनिटांनी प्रतिमा घेत राहावे, प्रत्येक वेळचे शिखर नोंदवावे आणि त्याच दिवशी लेझर डॉपलर या लेझर प्रकाशाने प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाने त्या पायाचा रक्तप्रवाह मोजून दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत.

लोहकणांनी पेशी रंगवून एमआरआयमध्ये पाहण्याचा मार्गही आहे, परंतु पेशी मेल्यावर ते कण मॅक्रोफेज या भक्षक पेशी गिळतात आणि संकेत तसाच दिसत राहतो. पेशी जिवंत आहेत का, या प्रश्नासाठी मी तो निवडणार नाही.

पेशी जिवंत असल्या तरी त्या रक्तवाहिनीत सामील झाल्या का, हे प्रकाश सांगत नाही. त्यासाठी शेवटी मानवी एंडोथेलियमला चिकटणारे, चमकणारे उलेक्स लेक्टिन हे प्रथिन शेपटीच्या शिरेतून सोडावे आणि स्नायूचे छेद मानवी सीडी-३१ ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने रंगवावेत: दोन्ही खुणा एकाच नळीच्या अस्तरावर मिळाल्या, तर मानवी पेशींच्या त्या नळीतून रक्त वाहत होते. याउलट आठवड्यांनंतर प्रकाश उतरण्याऐवजी सतत चढत राहिला, तर रूपांतर न झालेल्या पेशींपासून टेराटोमा ही गाठ वाढत असल्याचा संशय घेऊन तो स्नायू लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा.