क्यूईएमयूमध्ये अल्मालिनक्स 9 सुरू होताच कर्नल पॅनिक: माझा अनुभव

लक्षण: नागपूरच्या लॅबमधल्या उबुंटू मशीनवर क्यूईएमयूमध्ये (आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) गेस्ट, म्हणजे अल्मालिनक्स 9 ही लिनक्स प्रणाली असलेला आतला आभासी संगणक, बूट होतो, पण लगेच 'फेटल जीलिबसी एरर: सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स86-64-व्ही2' असं दाखवून थांबतो (कर्नल पॅनिक, म्हणजे प्रणालीचा गाभाच बंद पडतो).

रॅम वाढवली, आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) पुन्हा उतरवून ती नीट उतरली का, हे चेकसमने तपासलं; काही बदललं नाही. दोन संध्याकाळी वाया गेल्या, फार वैताग आला.

कारण असं, की सीपीयू सांगितला नाही तर क्यूईएमयू 'क्यूईएमयू64' हे मॉडेल देतो. त्यात एसएसई4.2 (प्रोसेसरच्या सूचनांचा एक संच) नाही, आणि अल्मालिनक्स 9 ला लागणाऱ्या एक्स86-64-व्ही2 पातळीत ते हवंच.

आधी उपलब्ध सीपीयू मॉडेल्सची यादी काढा. 'क्यूईएमयू-सिस्टम-एक्स86_64' या कमांडनंतर स्पेस देऊन '-सीपीयू हेल्प' लिहा (टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत). जुन्या लेखांतलं '-सीपीयू ?' टाळा: झेडशेल (टर्मिनलमधल्या कमांड वाचणारा एक प्रोग्राम) त्या प्रश्नचिन्हाला फाइलनावाचा नमुना समजतं आणि 'नो मॅचेस फाउंड' म्हणतं. बॅश या दुसऱ्या शेलमध्ये फोल्डरात एका अक्षराची फाइल असली, तर तिचंच नाव सीपीयू म्हणून जातं. यादी लांब असते, म्हणून पाइपने ती 'लेस' या पानापानाने दाखवणाऱ्या कमांडला द्या. आर्म या वेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरची मॉडेल्स इथे दिसणार नाहीत, त्यासाठी क्यूईएमयूची आर्मसाठीचीच बायनरी (प्रोग्राम) चालवावी लागते.

मग नेहमीच्या कमांडमध्ये '-सीपीयू नेहेलेम' (एसएसई4.2 असलेलं इंटेलचं मॉडेल) जोडा. पहिलं अक्षर कॅपिटलच हवं, नाहीतर मॉडेल सापडत नाही. केव्हीएम (हार्डवेअरच्या मदतीने आभासी संगणक चालवण्याची लिनक्सची सोय) चालू असेल तर '-सीपीयू होस्ट', म्हणजे खऱ्या मशीनचाच सीपीयू, उत्तम. केव्हीएमशिवाय लिनक्सवर ते चालत नाही.

गेस्टमध्ये 'एलएससीपीयू' चालवून फ्लॅग्जमध्ये (सीपीयूच्या क्षमतांची यादी) एसएसई4_2 आणि व्ही2ला लागणारी पॉपसीएनटी ही सूचना दिसतात का, ते पाहा.