स्पर्शाने रॅम बसवताना या चुका टाळा

‘खट्’ असा आवाज आला की रॅम, म्हणजे संगणकाच्या मेमरीची पट्टी, बसली, असे मानून संगणक बंद पाडणारे दृष्टिहीन मित्र माझ्याकडे वारंवार येतात. त्यांना मी रागावतो खरा, पण ही चूक मीही केलेली आहे. मे महिन्यातली नागपूरची दुपार होती, खोलीत कूलर घरघरत होता आणि त्या गोंगाटात पट्टी धरून ठेवणारा एका टोकाचा खटका लागल्याचे ऐकून दोन्ही टोके बसली असे मी गृहीत धरले. संगणक सुरू केला. पंखे फिरले, पण एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, बोलेना. रॅम न लागलेला संगणक आणि केवळ ध्वनी गेलेला संगणक आपल्याला सारखेच मुके वाटतात, त्यामुळे दोन संध्याकाळी मी स्पीकरच्या तारा तपासत बसलो. शेवटी कॅबिनेट ऑटोत घालून सीताबर्डीवरच्या एका दुकानात नेले आणि मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड, उडाल्याचे निदान ऐकून परत आलो. घरी सहज पट्टीच्या वरच्या कडेवरून अंगठा फिरवला, तर एक टोक जेमतेम नखभर वर होते.

तेव्हापासून कूलर बंद केल्याशिवाय मी कॅबिनेट उघडत नाही, आणि खटका ऐकू आला तरी अंगठ्याची साक्ष घेतोच. वरची कड दोन्ही टोकांना सारख्या उंचीची लागली पाहिजे आणि खटका पट्टीच्या बाजूच्या खाचेत शिरलेला जाणवला पाहिजे. काही मदरबोर्डवर खटका एकाच टोकाला असतो; तिथे दुसऱ्या टोकाची उंची दोनदा तपासावी. मदरबोर्डला लावायचा छोटा बझरही घेऊन ठेवावा, कारण रॅम नीट लागली नसेल तर बहुतेक संगणक त्यातून बीप देतात.

जोर लावणे ही दुसरी चूक. पट्टीच्या खालच्या कडेची खाच बरोबर मध्यावर नसते. ती आणि स्लॉटमधला, म्हणजे पट्टी बसवायच्या खोबणीतला, उंचवटा आधी बोटाने जुळवून पाहावा. डीडीआर३, डीडीआर४ या रॅमच्या पिढ्या. डीडीआर३ च्या पट्टीला २४० आणि डीडीआर४ च्या पट्टीला २८८ पिना असतात, खाचेची जागाही वेगळी असते, त्यामुळे चुकीची पिढी कितीही दाबली तरी बसत नाही, स्लॉट मात्र तुटू शकतो. डीडीआर३ ची खालची कड सरळ असते, डीडीआर४ ची मध्यभागी किंचित फुगीर असते. हा फरक नखाला कळतो.

रॅमला हात लावण्याआधी वीजतार काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि अंगावरची स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. चार स्लॉट व दोन पट्ट्या असतील, तर बहुधा प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो.

डीडीआर५ बसवल्यावर पहिल्यांदा सुरू होताना संगणक काही मिनिटे गप्प राहू शकतो. उतावळी मंडळी तेवढ्यात तार ओढतात आणि मग मला फोन करतात. मी त्यांना चहा करून पिऊन यायला सांगतो. स्क्रीन रीडर बोलू लागल्यावर विंडोज आणि आर दाबून एमएसइन्फो३२ उघडावे आणि बसवलेल्या मेमरीचा आकडा ऐकावा. तो अपेक्षेच्या निम्मा निघाला, तर तार काढून पुन्हा अंगठा फिरवावा.