स्टॉक फोटो तपासणीत का अडकतो?

छायाचित्रे विकणाऱ्या स्टॉक संकेतस्थळांवर आपले फोटो पाठवायला सुरुवात केलेल्या नागपूरच्या तरुण मंडळींशी बोलताना एक तक्रार हमखास कानी येते. मित्रमंडळींनी वाखाणलेला फोटो तपासणीतून ‘नॉइज’ (फोटोत दिसणारे दाणे) किंवा ‘फोकस’ एवढेच कारण घेऊन परत आलेला असतो. तपासनीस खडूस असतात, असा निष्कर्ष काढून बरेचजण तिथेच थांबतात. वास्तविक आपण आणि तपासनीस एकच फोटो दोन वेगवेगळ्या आकारांत पाहत असतो. मोबाइलच्या पडद्यावर चोवीस मेगापिक्सेलचा फोटो इतका आक्रसतो की त्यातले दोष दिसेनासे होतात, तर तपासणारा तोच फोटो शंभर टक्के आकारात उघडतो, कारण विकत घेणारा तो उद्या फलकावरही छापू शकतो. म्हणून पाठवण्यापूर्वी प्रत्येक फोटो संगणकावर शंभर टक्क्यांवर उघडून डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत सरकवत पाहण्याची सवय लावून घ्यावी. माझ्या मते नवोदिताने महागड्या लेन्सच्या आधी हीच सवय कमवावी.

किमान अटी तशा सोप्या आहेत. अडोबी स्टॉक आणि शटरस्टॉक या दोन्ही ठिकाणी निदान चार मेगापिक्सेलचा जेपीईजी फोटो लागतो, आणि रंगांसाठी एसआरजीबी (बहुतेक पडद्यांवर चालणारे रंगांचे प्रमाण) प्रोफाइल ठेवलेले बरे. आजचा कोणताही कॅमेरा एवढे सहज देतो. खरी अडचण त्यापुढे, पिक्सेलच्या दर्जात असते.

आपल्याकडचा उन्हाळा या बाबतीत वेगळीच परीक्षा घेतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असताना दुपारी फुटाळा तलावाच्या पाण्यापलीकडची झाडे लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपली, तर तापलेल्या हवेच्या थरांतून येणारा प्रकाश हलत राहतो आणि फोटो कितीही स्थिर तिपाईवरून काढला तरी कडा विरघळल्यासारख्या दिसतात. हा दोष लेन्सचा नसल्याने तो पैशाने सुटत नाही. सूर्योदयानंतरच्या तासाभरातच ते काम उरकावे लागते. तापलेल्या सेन्सरवर नॉइजही वाढतो, म्हणून कॅमेरा उन्हात ठेवलेल्या गाडीत सोडू नये. शिवाय धूळ. लेन्स बदलताना आत गेलेला कण एफ/४ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र मोठे असताना, दिसत नाही. छिद्र बारीक करून एफ/१६ वर आणले की मात्र तो आकाशात करडा ठिपका होऊन उमटतो, आणि कोऱ्या आकाशाचे फोटो याच कारणाने परत येतात. एफ/२२ ला निरभ्र आकाशाचा मुद्दाम अस्पष्ट फोटो काढून मोठा करून पाहिला की सेन्सरवर काय बसले आहे ते लगेच कळते. एरवी एवढे छिद्र बारीक करण्याचे कारणही नाही, कारण साधारण एफ/११ च्या पुढे विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) तीक्ष्णता उतरू लागते. बहुतेक लेन्स एफ/८ च्या आसपास उत्तम काम देतात.

संत्र्यांचे फोटो आपल्या शहरातून जाणारच, तेव्हा त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. अंबिया बहाराच्या दिवसांत कळमना बाजारात फळांचे ढीग उन्हात चमकत असतात. कॅमेऱ्याच्या मागे दिसणारा साधा हिस्टोग्राम सगळे ठीक असल्याचे सांगतो, पण तो एकूण उजळपणाचा असतो. लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे आलेख उघडले, की लाल आलेख उजव्या भिंतीला जाऊन चिकटलेला दिसतो. याचा परिणाम शंभर टक्क्यांवर समजतो: सालीवरची बारीक छिद्रे जिथे दिसायला हवीत तिथे सपाट केशरी डाग दिसतो, आणि हरवलेला तो पोत नंतर काही केल्या परत येत नाही. म्हणून अशा वेळी एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी ठेवावे (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या मूळ माहितीसह, घ्यावा आणि रंग गडद करण्याचा मोह आवरावा. फळाच्या नारिंगी रंगाला सॉफ्टवेअरने आणखी खुलवण्याची गरज नसते, हे माझे ठाम मत आहे.

रात्री टपरीवर तर्री-पोह्याचा फोटो घेताना निराळाच घोळ होतो. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची असल्यामुळे कित्येक एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि शटरचा वेग फार जलद ठेवला तर फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवले की बहुधा हे टळते, फक्त हात स्थिर हवा. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) चढवावाच लागला आणि नॉइज आला, तर एक प्रामाणिक उपाय आहे: ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो ४५०० बाय ३००० केला तरी साडेतेरा मेगापिक्सेल उरतात आणि दाणे बऱ्यापैकी दबतात. लहान फोटो ताणून मोठा करण्याच्या फंदात मात्र पडू नये. आणि सॉफ्टवेअरमधली नॉइज घालवणारी पट्टी शेवटपर्यंत ओढली, की पोह्यावरची शेव मेणाची दिसू लागते.

पांढऱ्या आकाशापुढे कडुनिंबाच्या फांद्या असतील तर पानांच्या कडांना जांभळी-हिरवी किनार शोधावी. तिला क्रोमॅटिक अॅबरेशन म्हणतात आणि रॉ प्रक्रियेत ती एका खुणेने बहुतांशी जाते.

ओळखू येणाऱ्या माणसाचे संमतिपत्र, पाटीवरचे व्यापारचिन्ह, मथळे आणि कळशब्द (कीवर्ड) हे विषय स्वतंत्र आहेत. इथे एवढेच सांगतो की तांत्रिकदृष्ट्या निर्दोष फोटोही या कारणांनी परत येतो, आणि तेव्हा पिक्सेल सुधारत बसण्यात अर्थ नसतो.

परत आलेला फोटो पुन्हा पाठवायचा की सोडून द्यायचा, हे कारण वाचूनच ठरवावे. नॉइज, धुळीचे ठिपके, रंगीत किनार, चुकलेला श्वेतसमतोल (व्हाइट बॅलन्स) यांसाठी मूळ रॉ फाइलकडे जाऊन नव्याने काम केले तर दुसऱ्यांदा फोटो स्वीकारला जाण्याची बरीच शक्यता असते. फोकस डोळ्यांऐवजी कानावर बसला असेल, तर शार्पनिंग वाढवून फक्त कडांभोवती पांढरी रेघ उमटते, आणि तोच फोटो या वेळी अतिप्रक्रियेचे कारण घेऊन परत येतो.