पुढे खेळणाऱ्या पोराला राइट बॅक कसं करायचं

जुलैत शालेय फुटबॉल स्पर्धा तोंडावर आल्या की आमच्या मैदानावर पंधरा पोरं जमतात. त्यातल्या दहा जणांना पुढे राहून गोल मारणारा स्ट्रायकर व्हायचं असतं आणि बॅकला, म्हणजे मागे बचावाला, कुणालाच उभं राहायचं नसतं. परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत मी सोळा वर्षं खेळ शिकवतोय. सुरुवातीला मीही सगळ्यात कच्चा पोरगा मागे उभा करायचो आणि दरवर्षी त्याच बाजूने गोल खायचो. राइट बॅकला, म्हणजे बचावातल्या उजव्या बाजूला, दमाचा आणि डोकं चालवणारा पोरगा लागतो, आणि असा पोरगा बहुतेक वेळा पुढेच खेळत असतो. त्याला मागे आणायला हवं.

हे माझ्या मनात पक्कं बसलं ते पोलंडचा फुटबॉलपटू वूकाश पिश्चेक याच्यामुळे. २००४ मध्ये युरोपच्या १९ वर्षांखालच्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत त्याचं नाव होतं. २००७ मध्ये त्याच्या झाग्वेंबिए लुबिन संघाने पोलंडची लीग जिंकली, तेव्हाही तो पुढेच खेळायचा. बर्लिनच्या हेर्था क्लबमध्ये लुसियाँ फाव्र या प्रशिक्षकाने त्याला बचावात आणलं. २०१० मध्ये हेर्था खालच्या श्रेणीत घसरला आणि पिश्चेक जर्मनीतल्याच डॉर्टमुंड क्लबला गेला. त्याच्यासाठी डॉर्टमुंडला जुन्या क्लबला ट्रान्सफरचा पैसाही मोजावा लागला नाही. पुढची ११ वर्षं तिथली उजवी बाजू त्याची होती. २०११ आणि २०१२ ची जर्मन लीग, तीन वेळा जर्मन कप, पोलंडकडून ६६ सामने. हे बहुतेक सगळं त्याला राइट बॅक म्हणून मिळालं.

पहिलं काम मैदानाबाहेरचं आहे. पोराला एकट्याला बाजूला घेऊन सांगा. एका वर्षी मी सगळ्यांसमोर यादी वाचली आणि नववीतल्या आमच्या चांगल्या फॉरवर्डचं नाव बॅकला घेतलं. तीन आठवडे तो मैदानावर फिरकला नाही. शेवटी मी त्याच्या घरी गेलो. ओसरीवर खाली मान घालून बसला होता. म्हणाला, "सर, माझं काय चुकलं? मला मागं कामून टाकलं?" उत्तर मला आधीच द्यायला हवं होतं. तेव्हापासून मी आधी मोबाइलवर पिश्चेकचे जुने गोल दाखवतो, मग त्याने मागून धावत येऊन दिलेले क्रॉस, म्हणजे कडेने गोलसमोर टाकलेले चेंडू, दाखवतो, आणि मगच विषय काढतो.

आता मैदान. फक्कीने दहा मीटर रुंद आणि वीस मीटर लांब पट्टा आखा. कोपऱ्यांवर विटा नकोत, पाय लागतो, चपला ठेवा. एका टोकाला चेंडू घेतलेला विंगर, म्हणजे कडेने चाल करणारा पोरगा, मध्ये तुमचा नवा बॅक. फॉरवर्डची खोड अशी की चेंडू दिसला की त्याच्यावर झेपावायचं. ही मोडायला मी कबड्डी वापरतो, कारण ती आमच्या पोरांच्या अंगात आहे. कोपऱ्यातला गडी आधी झेपावला की चढाईवाला त्याला शिवून निघून जातो. म्हणून चांगला कोपऱ्यातला गडी थांबतो, वाट बघतो, चढाईवाल्याचा पाय आत आला की धरतो. इथेही तसंच. फरक एकच, इथे नजर पायावर नाही, चेंडूवर.

उभं राहणं नीट बघा. दोन्ही पाय एका ओळीत नकोत. राइट बॅकचा डावा पाय अर्धं पाऊल पुढे, गुडघे सैल, अंग तिरकं, छाती साइडलाइनकडे वळलेली. आतली वाट बंद, बाहेरची उघडी. विंगर बाहेरून गेला तर साइडलाइन हा तुमचा फुकटचा बचावपटू आहे. पहिले चार दिवस टॅकल, म्हणजे पाय घालून चेंडू हिसकावणं, करायचीच नाही, असा नियम ठेवा. फक्त मागे सरकत त्याला लाइनीकडे दाबायचं. पोरं कुरकुरतात, पण पाचव्या दिवशी टॅकल दिली की वेळ बरोबर साधतात.

इथे पुढे खेळल्याचा फायदा दिसतो. स्ट्रायकर चेंडू येण्याआधी बॅकच्या पाठीमागे सरकतो, हे त्याने स्वतः शंभरदा केलेलं असतं. त्याला विचारा, "तू असतास तर कुठं पळाला असतास?" तो बरोबर जागा दाखवतो. मग तिथं जाऊन उभं राहायला सांगा. मात्र त्याची एक सवय जात नाही, चेंडूकडेच टक लावून बघण्याची. चेंडू पलीकडच्या बाजूला असताना दर दोन-तीन सेकंदांनी मान वळवून खांद्यामागे कोण आहे ते बघायचं. आम्ही यासाठी एकच शब्द ठेवलाय: "खांदा!"

पुढे जाणं शेवटी शिकवा, कारण ते त्याला येतंच. शिकवायचं असतं ते कधी जायचं. डॉर्टमुंडला आणि पोलंडच्या संघातही पिश्चेकच्या पुढे याकुब ब्वाश्चिकोव्स्की खेळायचा. एक चेंडू घेऊन आत वळला की दुसरा बाहेरून धावायचा. अशी जोडी तुमच्याकडेही लावा, आणि शक्यतो शाळेत एकत्र येणारी, एका गल्लीतली दोन पोरं घ्या. नियम साधा: विंगरने मान वर केली तरच बॅकने पळायचं, आणि बॅक गेला की मधल्या फळीतल्या एकाने त्याची जागा धरायची. कोण धरणार, हे सामन्याआधी ठरवून ठेवा.

जांघेची काळजी घ्या. वर-खाली पळण्याने बॅकच्या कमरेवर आणि जांघेवर ताण येतो. २०१३ ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, फायनल पिश्चेक डॉर्टमुंडकडून लंडनच्या वेम्बलीवर दुखऱ्या खुब्यानिशी खेळला. समोरच्या बायर्न म्युनिक संघाने ती २-१ ने जिंकली. त्यानंतर ऑपरेशन झालं आणि त्याला काही महिने बाहेर बसावं लागलं. आपल्याकडे काळी माती आहे. उन्हाळ्यात भेगा, पावसात बुटाला चिखलाचे गोळे. भेगा मुरुमाने भरून घ्या आणि चिखल असेल त्या दिवशी पट्ट्यातला सराव अर्धाच ठेवा. जांघ ओढते म्हणणाऱ्या पोराला त्या दिवशी पळवू नका, मग उद्या सामना का असेना.

पहिल्या सामन्यात टॉस जिंकलात तर अशी बाजू घ्या की पहिल्या अर्ध्यात राइट बॅक तुमच्यासमोरच्या लाइनीवर येईल. सूचना कमी द्या, पण तुम्ही जवळ आहात हे त्याला दिसू द्या. दुसऱ्या अर्ध्यात तो पलीकडे जातो आणि आवाज पोचत नाही. तिथं लाइनीबाहेर दहावीतला एखादा शांत पोरगा उभा करा. चेंडू दूर असला की त्याने फक्त "खांदा!" म्हणायचं, दुसरं काही नाही.