पानावरचं मेण काढताय? या चुका टाळा

पावसाळा सरला की कोल्हापुरात एमएस्सीच्या प्रोजेक्टची मुलं उसाची, शाळूची पानं घेऊन लॅबमध्ये येतात. पहिल्याच आठवड्यात कुणाचा तरी बीकर हिरवा झालेला असतो. हिरवा रंग हरितद्रव्याचा. ते पेशींत असतं, मेणात नाही. पानावरचं मेण विरघळवायला पान क्लोरोफॉर्ममध्ये बुडवतात. बीकर हिरवा म्हणजे क्लोरोफॉर्म मेणाचा थर ओलांडून आत शिरलं आणि पेशींतले स्निग्ध पदार्थही घेऊन आलं. असा नमुना मी टाकून द्यायला लावते.

पान वीस सेकंद बुडवायचं, फार तर तीस. मनात आकडे मोजू नका, स्टॉपवॉच लावा. "मॅडम, अजून दोन मिनिटं ठेवलं तर जास्त निघेल ना?" निघेल, पण ते मेण नसेल.

कापलेली कड द्रावणात जाता कामा नये, हे तर कुणी पाळतच नाही. उसाच्या पात्याचा तुकडा घेतला की दोन्ही टोकं कापलेली असतात. म्हणून मी शेंड्याकडचा हातभर तुकडा घेते, कमानीसारखा वाकवते आणि मधलाच भाग बुडवते. बुडणाऱ्या भागाची लांबी-रुंदी आधीच वहीत लिहिलेली असते. क्षेत्रफळ काढताना पानाच्या दोन्ही बाजू धरायच्या. हे विसरलात तर उत्तर थेट दुप्पट येतं.

काही वर्षांपूर्वी एका मुलीने शाळूवर अख्खा हंगाम काम केलं. जीसी-एमएसचा, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राचा, आलेख घेऊन आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. २१ पासून ३५ कार्बनपर्यंत अल्केनचे (कार्बन-हायड्रोजनच्या सरळ साखळ्यांचे) पीक, म्हणजे आलेखातली शिखरं, एकाशेजारी एक, टेकडीसारखे चढत गेलेले आणि उतरलेले. मला बघताक्षणी धस्स झालं. झाडाच्या मेणात विषम साखळ्या ठळक असतात: २७, २९, ३१, ३३. पेशी दोन-दोन कार्बन जोडत साखळी वाढवते आणि अल्केन होताना शेवटी एक कार्बन गळतो, म्हणून विषम. इथे सम-विषम सगळे सारख्याच उंचीचे. हे झाडाचं नव्हतंच, खनिज तेलातलं पॅराफिन होतं.

शोधता शोधता वायलच्या, म्हणजे नमुन्याच्या छोट्या बाटलीच्या, तोंडाशी पोचलो. झाकण सैल बसतं म्हणून तिने वरून पॅराफिल्म, म्हणजे पॅराफिन असलेली ताणली जाणारी पट्टी, गुंडाळली होती. क्लोरोफॉर्मच्या वाफेने ती विरघळून नमुन्यात उतरत होती. तोवर शाळूची काढणी झाली होती, पुढच्या रब्बीपर्यंत थांबावं लागलं. तिचं एक वर्ष गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. पान न बुडवता तेच क्लोरोफॉर्म त्याच वायलमध्ये ठेवून एक ब्लँक चालवला असता तर आठ दिवसांत कळलं असतं. तेव्हापासून माझ्याकडे काचेची वायल, टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण आणि स्टीलचा चिमटा एवढंच चालतं. ब्लँक नसेल तर आलेख मी उघडत नाही. चौरस सेंटीमीटरमागे मेण मायक्रोग्रॅममध्ये मोजायचं असतं, तिथे बोटाचा एक ठसाही नमुन्यात दिसतो. त्वचेतलं स्क्वालीन सरळ पीक देतं.

धूळ कापसाने पुसू नका. रुईच्या पानावर बोट फिरवून बघा, पांढरी पूड बोटावर येते. तेच तर मोजायचंय. डिस्टिल्ड वॉटर हळूच ओता आणि पान सावलीत सुकू द्या.

टेट्राकोसेनचं अंतर्गत मानक, म्हणजे तुलनेसाठी मोजून टाकलेला ओळखीचा पदार्थ, शेवटी टाकण्यात अर्थ नाही. मी ते पान बाहेर काढल्याबरोबर टाकते, म्हणजे पुढे जे सांडेल-उडेल त्याचा हिशेब राहतो.

जीसी नसेल तर डायक्रोमेटची १९७७ची रंगमापन पद्धत वापरा, ती ज्वारीसाठीच बसवलेली आहे. मात्र क्लोरोफॉर्म पूर्ण उडालेलं हवं आणि प्रमाण-आलेख (मेणाच्या ठरावीक वजनांना किती रंग येतो ते दाखवणारा) त्याच झाडाच्या मेणाचा हवा.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पान अ‍ॅसिटोनमधून काढलंत तर मेणाचे स्फटिक तिथेच धुऊन जातात. नुसतं हवेत सुकवा.

आणि क्लोरोफॉर्म ज्योतीवर आटवू नका, कितीही घाई असली तरी. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. फ्युमहूड (वाफा बाहेर ओढणारं कपाट) चालू करा, नायट्रोजनच्या मंद झोताखाली वायल ठेवा आणि शेजारी उभं राहा.