माहितीचे व्यवस्थापन आणि संभाव्यता शिकवताना या चुका टाळा

सोलापुरातील प्राथमिक वर्गांत गणित शिकवताना आणि इतरांचे पाठ पाहताना एक गोष्ट मला वर्षानुवर्षे खटकत आली आहे. माहितीचे व्यवस्थापन हा घटक आला की फळ्यावर तयार आकडे लिहून दिले जातात, मुले पट्टीने स्तंभ आखून रंग भरतात आणि घटक पूर्ण झाल्याची नोंद होते. आकडे कोणी मोजले आणि मोजताना काय अडले, हे मुलांना कळतच नाही. पुढच्या बहुतेक चुका याच घाईतून होतात.

सर्वांत जास्त नुकसान नाणेफेकीच्या पाठात होते. काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत चौथीचा पाठ पाहत होते. शिक्षकांनी फळ्यावर आधीच 'छापा ५, काटा ५' असे लिहिले आणि मग प्रत्येक जोडीला १० वेळा नाणे उडवायला सांगितले. माझ्या शेजारच्या बाकावरील मुलीच्या वहीत छाप्यासमोर आडव्या रेघेने बांधलेली पाचांची एक जुडी आणि दोन सुट्या रेघा होत्या, तर काट्यासमोर तीनच रेघा होत्या. तिने फळ्याकडे पाहिले, खोडरबराने त्या दोन सुट्या रेघा पुसल्या आणि काट्यासमोर एक उभी व एक आडवी रेघ ओढून तिथलीही जुडी पूर्ण केली. तास संपला तेव्हा बहुतेक वह्यांत ५-५ हेच उत्तर होते आणि शिक्षक समाधानी होते. डोळ्यांनी पाहिलेले पुसून सांगितलेले लिहायचे, एवढेच ती मुलगी त्या दिवशी शिकली, याचे मला आजही वाईट वाटते.

वास्तविक १० वेळा नाणे उडवल्यास छापा-काट्याचे १०२४ वेगवेगळे क्रम शक्य असतात आणि त्यांपैकी केवळ २५२ क्रमांत बरोबर पाच छापे येतात. म्हणजे चार जोड्यांपैकी साधारण एकीलाच ५-५ मिळावे. सगळ्यांना ते मिळाले, तर नोंदींवर शंका घ्यावी. माझ्या वर्गात या तासाला खोडरबर दप्तरात जाते आणि खुणा पेनानेच होतात. अंदाज मुलेच आधी लिहितात, फळा कोरा राहतो. शेवटी एकेका जोडीची संख्या मी फळ्यावर मिळवत जाते. २० जोड्यांच्या २०० फेकी झाल्या की कोणाचे ७-३, कोणाचे ४-६ एकत्र येऊन छाप्यांचा हिस्सा निम्म्याजवळ येत असल्याचे बहुधा दिसते. याला दोन तास लागतात. मोबाइलवर क्षणात हजार फेकी होतात, असे नवे शिक्षक मला सुचवतात. परंतु जे नाणे मुलाने हाताने उडवलेले नाही, त्यावर त्याचा विश्वास बसत नाही, म्हणून निदान पहिली दोन वर्षे हा सोपा मार्ग घेऊ नये.

दुसरी चूक प्रश्न विचारण्यातच होते. पूर्व भागातील एका वर्गात 'घरी कोणती भाषा बोलता?' असा प्रश्न देण्यात आला. मुले ३४ होती आणि खुणा ५१ झाल्या, कारण आजीशी तेलुगू, आईशी कन्नड आणि भावंडांशी मराठी बोलणारी मुले आपल्याकडे घरोघरी आहेत. शिक्षकांनी 'एकालाच एक खूण' असे बजावून जास्तीच्या खुणा काढायला लावल्या. अशा वेळी मी बेरीज फळ्यावर तशीच ठेवते आणि ती का जुळत नाही, याचे उत्तर मुलांकडूनच काढते. मग मुले एकतर 'आजीशी कोणत्या भाषेत बोलता?' असा नेमका प्रश्न ठरवतात, किंवा एका मुलाच्या एकाहून अधिक खुणा असू शकतात, अशी टीप तक्त्याखाली लिहितात. इतके चांगले उदाहरण सोलापुरात आयते मिळत असताना ते खोडून टाकणे मला पटत नाही.

चित्रालेखात प्रमाण लिहायला विसरू नये. '१ चित्र = १० चादरी' असेल, तर पाच चादरींसाठी अर्धीच चादर काढावी लागते, हे मुलांना कागदाची घडी घालून दाखवावे. चित्रे चौकटीच्या कागदावर एका चौकटीत एक अशी काढून घ्यावीत, अन्यथा मोठ्या आंब्यांची ओळ लहान जांभळांच्या ओळीपेक्षा लांब होते आणि आंबे जास्त वाटतात.

'मे महिन्यात सोलापुरात पाऊस पडणे' हे अशक्य घटनेचे उदाहरण देऊ नये. वळीव मुलांनी पाहिलेला असतो. एका फाशावर ७ पडणे, हे पुरेसे आहे.

लुडोमुळे मुलांना सहा पडणे सर्वांत कठीण वाटते, कारण ती वाट केवळ सहाचीच पाहत असतात. येथे समजावत बसू नये, ६० वेळा फासा टाकून सहाही अंकांच्या खुणा करून घ्याव्यात.

दोनच शक्यता आहेत म्हणजे त्या निम्म्या-निम्म्या असणार, असे सांगणे ही चूक अनुभवी शिक्षकही करतात. त्यासाठी मी फोडलेले चिंचोके वापरते. त्यांची एक बाजू पांढरी व सपाट आणि दुसरी काळपट व फुगीर असते, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच वेळा वर येतील असे धरता येत नाही. ते टाकून, मोजूनच ठरवावे लागते. प्रत्येक चिंचोका वेगळा फुटतो, म्हणून गटांनी चिंचोके अदलाबदल करू नयेत आणि १०० फेकी पूर्ण होईपर्यंत आपल्याच चिंचोक्याची नोंद ठेवावी.